चालू रीडिंग

सोमवार ते शनिवार मी वाचतो
वागळे इस्टेटमधले जिन्याखालचे मीटर.
काचेवर फुंकर, बोटाने धूळ, मग आकडा.
मागील रीडिंग, चालू रीडिंग,
वजाबाकी उरली म्हणजे आत कुणीतरी राहतंय.

रविवारी अंधारात
पाटोणापाड्याच्या वळणावर रूपजी तुंबडा उभा असतो,
कानटोपी, टायरच्या चपला.
खात्याने दिलेली शिट्टी
नातवाला देऊन आलेला.

मार्गशीर्ष. कारवी वाळून खडखडतेय,
ओढ्याला पाणी घोट्याएवढं.
रूपजी चालत नाही, पाय ठेवत जातो.
मी चालतो,
म्हणून तो दर दहा पावलांनी थांबतो
आणि माझ्याकडे न बघता माझ्यावर चिडतो.

पहिली ओळ चिखलात होती.
दोन लांबट पाकळ्या, टोकं चढाकडे.
"नर हाय. पुढचा खूर बघ, मागच्याहून रुंद.
एवढी मान, एवढी शिंगं,
पेलायची तर पुढं रुंदच पायजे."
त्याने खुरात करंगळी बुडवली.
कड अजून ढासळली नव्हती.
"रातचा. चांदणी बुडायच्या आधीचा."

मग कुड्याचं कोवळं झाड, मनगटाएवढं.
माझ्या कमरेपासून छातीपर्यंत साल नाही.
पांढरा चीक अजून उतरतोय,
चिकात अडकलेला एक राठ केस.
"राग?" मी विचारलं.
"खाज."
मग बऱ्याच वेळाने, चार झाडं ओलांडल्यावर,
"आणि पत्ता."

वर ऐनाची डहाळी मोडलेली,
माझा हात पोचणार नाही तिथे.
मागच्या दोन पायांवर उभा राहिला असेल तो,
काळोखात, एवढं मोठं जनावर,
कुणीतरी येईल म्हणून.
खाली लोळण. ढवळलेला काळा चिखल,
मुताचा उग्र वास,
दगडाला अंग पुसल्याचा पट्टा.

मी खात्याचा फॉर्म काढला.
खूण, ठिकाण, वेळ, शेरा.
पेनचं टोपण उघडत पुढे निघालो
आणि रूपजीने माझा दंड धरला.

माझ्या छातीसमोर, दोन कारवींच्या मध्ये,
वाट जिथे नेमकी अरुंद होते तिथे
क्लचच्या वायरचा फास.
सांबराच्या मानेच्या मापाचा.
ज्याने लावला
त्यालाही खूर वाचता येत होता,
चीक, केस, पत्ता,
आमच्याआधी, आमच्याइतकंच नीट.

"चांगला बांधलाय," रूपजी म्हणाला,
आणि गाठ सोडवताना
त्याची बोटं जराही अडखळली नाहीत.
मी काही विचारलं नाही.
"बापानं शिकवलं," तो म्हणाला. "तेव्हा पोट होतं.
आता बंगल्यांतून ऑर्डर येती."

वायर गुंडाळून त्याने कमरेला खोचली.
मग पळसाची फांदी मोडली
आणि मागे मागे सरकत
सगळं पुसत गेला.
खूर गेला. लोळणीवर पाचोळा.
कुड्याच्या उघड्या अंगावर दोन मुठी माती,
चूल लिंपावी तशी.
केस तळहातावर घेऊन फुंकरून दिला.

"वाचायचं आणि पुसायचं?"
"आपुन वाचलं ना? मंग."

खाली घोडबंदर रोडचे दिवे विझत होते.
चाळीस-चाळीस मजले,
इतकी दारं, इतके मीटर,
सगळे या क्षणी फिरत असणार.
कोरा फॉर्म गुडघ्यावर.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं
जे कुलूप दिसलं की लिहितो,
दरवाजा बंद. रीडिंग मिळाले नाही.

"काय लिवलं?"
मी सांगितलं.
रूपजीने कागद हातात घेतला,
उलटा, सुलटा,
नाकाजवळ नेऊन हुंगला
आणि परत दिला.